पापणीमावशी

मावशींच्या उजव्या हातात खिचडीचा डाव असायचा आणि डाव्या हाताचा अंगठा कायम मोकळा. रांगेतली मुलगी ताट पुढे करायची. मावशी अंगठा पदराला पुसून तिच्या डोळ्याखाली टेकवायच्या, खालची पापणी हलकेच ओढून आत बघायच्या आणि मग हिला किती वाढायचं ते ठरवायच्या. आतली कातडी लालसर दिसली तर एक डाव. फिकट दिसली तर दीड. अगदी पांढरी दिसली तर दोन डाव आणि वर हुकूम, "उद्या आईला घेऊन ये." रांग खोळंबायची, मागच्या मुली ओरडायच्या, "मावशी, पिक्चर बघताय काय आत?" मुलींनीच त्यांचं नाव पापणीमावशी पाडलं होतं. त्यांचं खरं नाव सुभद्रा. चार वर्षं रोज समोर दिसणाऱ्या या बाईचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चौकशीच्या कागदावर.

भांडुपच्या डोंगरावर चढत गेलेल्या वस्तीच्या पायथ्याशी आमची शाळा. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. घर मुलुंडला, स्वतःचं, लिफ्ट असलेल्या इमारतीत. मावशी त्याच डोंगरावर अर्ध्यावर राहायच्या. मूळच्या परभणीकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांच्या बचत गटातल्या सात जणी पायथ्याच्या एका गाळ्यात शाळेची खिचडी शिजवायच्या आणि मधल्या सुट्टीला टेम्पोतून आणायच्या. मुलींना वाढण्याआधी एका शिक्षकाने ती चाखून रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम. ते काम माझ्याकडे होतं. चाखण्यासाठी मी घरून माझा चमचा आणायची. वाढायचे चमचे तिथेच घासूनपुसून ठेवलेले असत, तरी आणायची. मावशींनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. त्या फक्त माझ्या चमच्यात खिचडी जरा उंचावरून सोडायच्या, डाव चमच्याला लागणार नाही अशी.

"हे पापणी बघायचं कुठे शिकलात?" असं मी त्यांना एकदा सहज विचारलं होतं.

"हॉस्पिटलात," त्या म्हणाल्या. "फी लय मोठी पडली."

त्यांची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली होती. अंगात रक्तच नव्हतं. तिथल्या एका नर्सने मुलीची पापणी खाली ओढून मावशींना दाखवली आणि विचारलं, "नऊ महिने ही तुमच्यासमोर होती ना? एवढं पांढरं कुणाला दिसलं नाही?" दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. "बाई चिडून बोलली," मावशी म्हणाल्या, "पण खोटं नाय बोलली. मला दिसलंच नव्हतं. काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं." हे सांगताना त्या पातेल्याच्या कडेला चिकटलेली खिचडी खरवडत होत्या. मी ऐकत होते आणि घड्याळाकडे बघत होते, कारण घंटा व्हायची वेळ झाली होती.

सातवीत करुणा नावाची एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपायची. एकदा मी तिला अख्खा तास उभं केलं. ती बाकाला धरून उभी राहिली. मावशी रिकामी पातेली घेऊन व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या दारात थांबल्या. "बाई, पोरगी आळशी नाय. रिकामी हाय."

"मावशी, वर्ग चालू असताना मध्ये बोलू नका," मी म्हणाले.

त्याच महिन्यात मुलींचं रक्त तपासायला डॉक्टर आले, तेव्हा करुणाच्या कागदावर लाल शाईने गोल केलेला होता. त्या आठवड्यात मी रक्तक्षयाचा धडा शिकवला होता. थकवा, धाप लागणे, सतत झोप येणे, अशी लक्षणं मी फळ्यावर लिहून दिली होती आणि करुणाने ती सुंदर अक्षरात वहीत उतरवली होती. ती वही मी तपासली होती आणि खाली 'छान' असा शेराही मारला होता.

मावशी मात्र करुणाच्या घरी गेल्या. तिची आई पवईच्या टॉवरमध्ये तीन घरची कामं करायची. सकाळी सगळ्यांचे डबे भरून, उरलं तर खायची, नाहीतर चहा. मावशींनी तिला झापलं, ते मला करुणानेच सांगितलं. "तू शेवटी जेवतेस म्हणून पोरगी शेवटी जेवती. ती काय पुस्तकातनं शिकती का? तुला बघून शिकती."

वस्तीतल्या बायकांशी बोलायची त्यांची हीच तऱ्हा होती. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये, हे मी तक्ता लावून शिकवायची आणि कुणाच्या लक्षात राहत नसे. मावशी म्हणायच्या, "चहा आन गोळी म्हंजे दोन सवती. एका वेळी एका घरात ठेवू नका." बायका खो खो हसायच्या आणि ते घरोघर पोचायचं. पाण्याच्या टाकीमागे शेवग्याचं झाड होतं. त्याचा पाला ओरबाडून, निवडून, बारीक चिरून त्या खिचडीत घालायच्या. एकदा मुख्याध्यापकांनी हटकलं, "मावशी, मेनूमध्ये शेवगा नाही."

"सर, पोरींच्या अंगात रक्त पण नाय. ते कुठल्या मेनूत लिवलंय?"

सर हसले आणि निघून गेले. पाला चालू राहिला. तीच खिचडी पुढे त्यांच्या अंगावर येणार होती, आणि ती मीच आणणार होते.

दर सोमवारी मोठ्या मुलींना लोहाची निळी गोळी द्यायची, हेही माझंच काम. जेवणानंतर, आपल्या समोर, पाण्याबरोबर गिळायला लावायची, असं प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. पण मधल्या सुट्टीनंतर माझा ऑफ तास असायचा. चहा, दोन वह्या, मैत्रिणीला फोन. गोळ्या तेव्हा द्यायच्या तर पाऊण तास जाणार. म्हणून मी त्या सुट्टीच्या आधीच्या तासाला वाटून टाकायची. मॉनिटर मुली बाकाबाकावर गोळ्या ठेवायच्या, दहा मिनिटांत काम संपायचं. यात काही मोठं पाप आहे असं मला वाटलं नव्हतं. सांगण्यासारखं दुसरं कुठलंही कारण असतं तर बरं झालं असतं, पण नाही. माझा तास वाचत होता, एवढंच.

मावशींना हे कळायचं, कारण त्यांचा टेम्पो त्याच वेळी यायचा आणि जिना चढताना वर्गातलं सगळं दिसायचं. "बाई, उपाशीपोटी नका देऊ," त्या एकदा म्हणाल्या. "पोरी सकाळी नुसता चहा पिऊन येतात. पोटात ढवळतं त्यांच्या, मग फेकून देतात." मी हो हो म्हणाले. काही दिवसांनी त्या थेट शिक्षकांच्या खोलीत आल्या. मूठ उघडून त्यांनी माझ्या टेबलावर चिखलाने माखलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या निळ्या गोळ्या ठेवल्या. वर्गाच्या खिडकीखालच्या गटारातून वेचून आणल्या होत्या. "घ्या. गटाराला रक्त भरतंय."

खोलीत सगळे हसले. माझे कान तापले. "मावशी, तुमचं काम खिचडीचं आहे. तेवढं बघा," मी म्हणाले.

त्यांनी गोळ्या परत मुठीत घेतल्या, टेबलावरचा चिखल पदराने पुसला आणि गेल्या.

गणपतीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला सोमवार. गटारातल्या गोळ्यांचा अपमान माझ्या डोक्यात होता. आज एकही गोळी बाहेर जाणार नाही, असं ठरवूनच मी वर्गात गेले. एकेकीला पुढे बोलावलं, गोळी गिळायला लावली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायला लावली. वेळ मात्र तीच, सुट्टीच्या आधीची. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या मुलींनी खरोखर गोळ्या घेतल्या, त्याही रिकाम्या पोटी.

खिचडी आली. मी चाखली. चांगली होती, मुगाची, वरून लिंबू पिळलेली. सोमवारी मावशी आठवणीने लिंबं चिरून आणायच्या, गोळी अंगी लागावी म्हणून. मी सही केली. करुणाने दोन घास खाल्ले आणि तिथेच ओकली. मग तिच्या शेजारची. मग समोरच्या दोघी. एकीला बघून दुसरी, असं करत हॉलभर रडारड झाली. मुली पोट धरून बसल्या. अर्ध्या तासात डोंगरावरून आया धावत आल्या, फाटकाशी गर्दी झाली, खिचडीत पाल पडली अशी कुणीतरी हूल उठवली. मुलींना दवाखान्यात नेलं. दुपार उलटायच्या आत सगळ्या ठणठणीत होऊन घरी गेल्या. पण तोवर वरच्या कार्यालयातून साहेब आले होते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मला पहिल्यांदा बोलावलं.

"गोळ्या जेवणानंतर दिल्या होत्या ना?" साहेबांनी विचारलं.

"हो सर."

"आणि खिचडी? चव घेतली होती तुम्ही. कशी होती?"

तेव्हा मी नुसतं 'चांगली होती' म्हटलं असतं, तरी खूप झालं असतं. पण चांगली होती तर मुली ओकल्या कशाने, हा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मी म्हणाले, "आज पाला जरा जास्त होता. वास वेगळा वाटला."

"पाला? मेनूत आहे का?"

मुख्याध्यापकांनी मान हलवली. नव्हता.

मावशी दाराबाहेरच उभ्या होत्या. दार उघडंच होतं. त्यांना आत बोलावलं, नाव विचारलं, कागदावर लिहिलं. "सुभद्राबाई, तुम्हाला काही सांगायचंय?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या मुलीला किती वाढायचं ते ठरवताना बघायच्या, तशा बघत होत्या. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं वेळापत्रक वाचत राहिले.

"नाय साहेब," त्या म्हणाल्या. "पाला मीच घातला होता."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरंच हायसं वाटलं.

गटाचं काम दुसऱ्या दिवसापासून थांबलं. खिचडीचा नमुना तपासायला गेला होता, त्याचा अहवाल बऱ्याच आठवड्यांनी आला. खिचडीत दोष नव्हता. तोवर दुसऱ्या कुणाची तरी खिचडी सुरू झाली होती, पांढरट, पातळ. अहवाल फाइलला लागला. भांडी न्यायला मावशी शेवटच्या आल्या, तेव्हा जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाल्या, "सोमवारची गोळी बंद नका करू." मला वाटलं, टोमणा मारतायत.

गोळी बंद झाली नाही. आता मी ती जेवणानंतरच द्यायची. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, पुन्हा काही झालं तर आपण सापडू या भीतीने. ऑफ तास गेला. मुलींना ढवळेनासं झालं, गोळ्या पोटात जायला लागल्या. पुढच्या तपासणीत लाल गोल कमी झाले. करुणा बाकावर झोपायची थांबली, कबड्डीच्या संघात आली. आणि दीड वर्षाने एका सभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, प्रमाणपत्र. 'गोळी वाटपात आदर्श शिक्षिका.' टाळ्या वाजत होत्या आणि मला तो कागद हातात धरवत नव्हता. सभेतून मी घरी गेले नाही. शाल पिशवीत कोंबली आणि डोंगर चढायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. अर्ध्या वाटेत मला धाप लागली. या पायऱ्या मावशी रोज चढायच्या.

त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. गटाचं काम गेल्यावर पवईच्या एका कँटीनमध्ये भांडी घासायला लागल्या होत्या. हात पाण्याने पांढरे पडलेले.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अजून एखादं वर्ष लावाल."

"मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय. दाराबाहेरच होते की."

"मग तुम्ही का नाही बोललात? तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बोलले असते तर काय झालं असतं? गोळीनं पोरी ओकल्या, एवढंच वर डोंगरावर पोचलं असतं. उपाशीपोटी दिली, वेळ चुकली, हे कोण ऐकतंय? आधीच बायका घाबरतात, गोळीनं काळी शी होती, गोळीनं गरम पडतं. परत एकीनं पोरीच्या तोंडात गोळी घालू दिली नसती. खिचडीचं काय, दुसरं कोणीतरी आणतंच. आणली का नाय?"

"पण तुमचं काम गेलं."

"माझं एकटीचं नाय, सात जणींचं गेलं. त्यांना मी खरं सांगितलंच नाय. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभ्या राहिल्या असत्या. पाल्यामुळं काम घालवलं म्हणून दोघी अजून माझ्याशी बोलत नाय."

मला रडू आलं. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण आवाज मऊ केला नाही.

"बाई, मी पोरींसाठी गप बसले. तुमच्यासाठी नाय. ह्यात गल्लत नका करू."

"मी काय करू, सांगा."

"मी पुढच्या महिन्यात बदलापूरला चालले, पोरानं खोली घेतलीय. माझ्यामागं ह्या बायकांशी कोण बोलणार? तुम्हीच बोलायचं. पण आधी खरं सांगायचं, नायतर कोण ऐकल तुमचं? रविवारी विहारात बायका जमतात. तिथं या. गोळी वाईट नव्हती, वेळ चुकली होती, आन ती तुम्ही चुकवली, असं सांगा. तवा सांगून उपयोग नव्हता. आता पोरींची तब्येत त्यांनी डोळ्यांनी बघितलीय."

मी हो म्हणाले. पहिल्या रविवारी गेले नाही. अंगात कणकण आहे असं घरच्यांना सांगितलं, स्वतःलाही तेच सांगितलं. दुसऱ्या रविवारी गेले.

वंदना झाली होती. पंचवीस-तीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या, त्यात मावशींच्या गटातल्याही होत्या. मी उभी राहिले. तीस वर्षं वर्गापुढे बोलते, पण त्या दिवशी एक वाक्य धड जुळेना. तरी सांगितलं. गोळी कधी दिली, का दिली, साहेबांना काय सांगितलं, पाल्याबद्दल काय बोलले, सगळं. मग करुणाची आई बसल्या जागेवरून म्हणाली, "मग मावशीचं काम का घालवलंत?"

"घाबरले होते."

"कशाला? तुमची नोकरी पक्की ना?"

मी मावशींकडे बघितलं, एखादा शब्द बोलतील, सोडवतील या आशेने. त्या मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या. मला सोडवायला त्यांनी मला बोलावलंच नव्हतं. मागच्या रांगेतून एक बाई उठली, गटातली, आणि मावशींना खेटून जाऊन बसली. मावशींनी पहिल्यांदाच डोळ्याला पदर लावला.

त्या बदलापूरला गेल्या त्या सकाळी मी टेम्पोपाशी गेले होते. सामान थोडकंच होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "उन्हाळ्याची सुट्टी मोठी असती. त्या आठवड्यांच्या गोळ्या आयांच्या हातात देऊन ठेवा. पोरींच्या हातात नका देऊ." टेम्पो सुटला. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही केलं, असंही नाही.

सुट्टीच्या गोळ्या मी आयांच्या हातात देते. करुणाची आई घेते, पण माझ्याशी बोलत नाही. डोंगरावर आता सगळ्यांना खरं काय ते माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीत मात्र अजून कुणाला नाही. तिथे ते प्रमाणपत्र काचेच्या कपाटात लावलेलं आहे आणि नव्या शिक्षिका माझ्याकडे गोळ्या कशा द्यायच्या ते शिकायला येतात. मी शिकवते. हे लिहून झालं की पहिल्यांदा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं, असं मी ठरवलं आहे. मागच्या सोमवारीही ठरवलं होतं.